सर्वसाधारण सभेत पाच मिनिटांत ठराव पटवून कसा द्यावा?

प्रश्न असा आहे: "आमच्या सोसायटीत ७२ सदनिका आहेत. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल महिन्याला ४८,००० रुपये येतं. गच्चीवर ३० किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवावा, असा ठराव मी गेल्या वार्षिक सभेत मांडला. खर्च १५,१२,००० रुपये, म्हणजे सदनिकेमागे २१,०००. महिन्याला साधारण ३६,००० रुपये वाचतील असा अंदाज. वीस मिनिटं बोललो, स्लाइड दाखवल्या, तरी ठराव पडला. यंदा पाचच मिनिटं मिळणार आहेत. काय बोलू, कसं बोलू, आधी काही लिहून वाटू का?"

पाच मिनिटं पुरेशी आहेत. वीस मिनिटांत तुम्ही सौर ऊर्जा समजावून सांगितलीत, पण समोर बसलेल्यांचा प्रश्न सौर ऊर्जेचा नव्हताच. वरच्या मजल्यावरच्यांना गच्ची गळण्याची धास्ती असते. पेन्शनवर घर चालवणाऱ्यांना एकदम २१,००० काढायचे असतात. फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकाला वाटतं, पैसे मी भरायचे आणि लिफ्ट भाडेकरूने वापरायची. यांतल्या एकाचंही नाव न घेता वीस मिनिटं बोललं की प्रत्येक जण मनातला आक्षेप तसाच घेऊन हात वर करतो. म्हणून भाषणाची तयारी लिहिण्यापासून नव्हे, ऐकण्यापासून सुरू करा.

सभासदांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे होकार, नकार किंवा कुंपणावर अशी खूण करा. भाषण कुंपणावरच्यांसाठी असतं. होकारवाल्यांना ते नको असतं आणि ठाम नकारवाले पाच मिनिटांत बदलत नाहीत. पण आक्षेप गोळा करायला मात्र नकारवाल्यांकडेच जायचं. दहा घरं पुरतात: वरच्या मजल्यावरची तीन, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे एक-दोन मालक, दोन-तीन निवृत्त मंडळी आणि गेल्या वर्षी सगळ्यात जोरात विरोध करणारे दोघे. विचारायचं एकच, "गेल्या वर्षी त्यात तुम्हाला काय खटकलं?" आणि उत्तर द्यायचं नाही. वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. हा मोह आवरणं फार जड जातं, पण तिथे वाद घातलात तर माणूस पहिल्या आक्षेपाला चिकटून बसतो, आणि पहिला आक्षेप क्वचितच खरा असतो. "महाग आहे" इथून सुरुवात होते. थोडं थांबलात की ऐकू येतं, "गच्चीला भोकं पाडाल आणि पावसाळ्यात पाणी माझ्या बेडरूममध्ये येईल." तुम्हाला हवं असलेलं वाक्य हे.

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं, तेही त्याला मान्य होईल इतक्या नीट, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचं. पूर्वपक्ष लेचापेचा केला तर उत्तरही लेचंपेचं ठरतं. सभेत हे आणखी खरं आहे, कारण जिचा आक्षेप आहे ती व्यक्ती समोरच बसलेली असते. तिला आपलं म्हणणं आपल्यापेक्षा चांगल्या शब्दांत ऐकू आलं, की पुढचं ऐकायला ती तयार होते.

याचा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे समारोपाचं भाषण केलं, त्याच्या शेवटाकडचे इशारे सगळ्यांना ठाऊक असतात. पटवण्याची कला शिकणाऱ्याने त्याचा पहिला भाग वाचावा. सभेला काम पूर्ण करायला २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस लागले होते, आणि फार वेळ घेतला, लोकांचा पैसा वाया घालवला, अशी टीका झाली होती. बाबासाहेब ती टीका सौम्य करून सांगत नाहीत. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता, हीच तुलना आपल्याबाबत केली गेली, असं ते स्वतःच सभागृहाला सांगतात. मग विचारतात, या तक्रारीत तथ्य आहे का? आणि इतर देशांचा हिशेब काढतात. अमेरिकेचं काम चार महिन्यांत आटोपलं, दक्षिण आफ्रिकेचं एका वर्षात, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला, हे ते सरळ मान्य करतात. त्यानंतर दोनच कारणं देतात. आपल्या संविधानात ३९५ अनुच्छेद आहेत, अमेरिकेच्या मूळ संविधानात सात. आणि त्या देशांच्या सभांपुढे दुरुस्त्यांचा प्रश्न नव्हता, आपल्या सभेला २,४७३ दुरुस्त्या हाताळाव्या लागल्या. बस्स. आक्षेप पूर्ण ताकदीनिशी मांडला, त्यातलं खरं तेवढं कबूल केलं, उरलेल्याला दोन मोजता येण्याजोगी कारणं दिली. या तिन्ही पायऱ्या तुम्हाला जशाच्या तशा वापरता येतील.

आता युक्तिवादाचा सांगाडा. न्यायदर्शनाचे, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचे, पाच अवयव इथे विलक्षण उपयोगी पडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. जुनं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. बहुतेक वक्ते पहिल्या तीन पायऱ्या चढतात आणि उपनय गाळून थेट शेवटावर उडी मारतात. "शेजारच्या सोसायटीने बसवलं, त्यांचं बिल कमी झालं, म्हणून आपणही बसवू." ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, त्यांची गच्ची मोठी आहे, त्यांच्याकडे लिफ्ट चार आहेत, त्यांचं आपल्याला कसं लागू? उदाहरण जितकं चांगलं तितकी ही शंका घट्ट. उपनयाचं काम हेच: आपली इमारत नेमक्या कोणत्या बाबतीत त्या इमारतीसारखी आहे, ते दाखवणं. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, म्हणजे तुम्हाला ३,००० चौरस फूट. टेप घेऊन गच्ची मोजा. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली सकाळी नऊला, बाराला आणि तीनला कुठे पडते त्याचे फोटो काढा. सूर्य वर्षभर एकाच वाटेने जात नाही, म्हणून डिसेंबरची लांब सावली कुठवर येईल तेही पुरवठादाराकडून काढून घ्या. मग सभेत म्हणा, "त्यांच्या गच्चीवर सावलीबाहेर जेवढी जागा आहे, तेवढी आपल्याकडेही आहे. मोजली आहे, नकाशा मागच्या पानावर आहे." या एका वाक्याचं वजन सगळ्या स्लाइडपेक्षा जास्त आहे. आणि जागा कमी भरली, तर ठराव २० किलोवॉटचा करा. जे जुळत नाही ते जुळतं असं सांगू नका. इमारतीतल्या माणसांना गच्ची तुमच्याइतकीच माहीत असते.

लिखित टिपण जरूर वाटा, पण सभेच्या दारात नव्हे. वार्षिक सभेची सूचना विषयपत्रिकेसह पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. टिपण त्या सूचनेसोबतच घरोघरी जाऊ द्या. हा खर्चाचा विषय विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने आला आहे ना, तेही तेव्हाच बघा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात तो ढकलला गेला तर मंजूर होऊनही पुढे कोणी हरकत घेऊ शकतं. ए-फोर कागदाची एक बाजू मजकुराला, दुसरी गच्चीच्या नकाशाला आणि खर्चाच्या तक्त्याला. अक्षर १४ पॉइंट, कारण वाचणारे बरेच जण साठीच्या पुढचे आहेत.

अशा टिपणात सहसा हे छापलं जातं:

"सदर प्रस्तावाच्या अनुषंगाने नमूद करण्यात येते की, अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा अवलंब करणे ही काळाची गरज असून त्याद्वारे संस्थेच्या वीजखर्चात लक्षणीय बचत होणे अपेक्षित आहे, तरी सर्व सन्माननीय सभासदांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती."

यात नमूद कोण करतंय ते कळत नाही. 'लक्षणीय' या शब्दाआड आकडा लपला आहे. 'काळाची गरज' हे शब्द इतक्या ठिकाणी वापरून झालेत की डोळा त्यांवरून घसरून जातो. आणि सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, तेच सांगितलेलं नाही. त्याऐवजी असं लिहा:

"कॉमन मीटरसाठी आपण दर महिन्याला ४८,००० रुपये भरतो. गच्चीवर सौर पॅनेल बसवले तर त्यातले सुमारे ३६,००० वाचतील. त्यासाठी प्रत्येक घराला २१,००० रुपये द्यावे लागतील. ते साधारण ४२ महिन्यांत भरून निघतील. याला हो म्हणायचं की नाही, ते येत्या सभेत आपण ठरवायचं आहे."

टिपणाची पीडीएफ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, पण तिथे वाद घालू नका. ग्रुपवर एकदा "माझा विरोध आहे" असं सगळ्यांसमोर लिहिलं की माणसाला सभेत मत बदलणं अवघड होतं. कोणी काही विचारलं तर "संध्याकाळी घरी येऊन जातो" एवढंच लिहा, आणि खरंच जा.

आता पाच मिनिटं. मराठीत नीट ऐकू येईल अशा गतीने बोललं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे भाषण ५०० शब्दांच्या आत हवं, कारण थांबायलाही वेळ लागतो.

पहिलं वाक्य आकड्याचं, आणि तोही प्रत्येकाच्या घरचा: "गेल्या वर्षी आपल्यातल्या प्रत्येक घराने लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी ८,००० रुपये भरले." तुमच्याच बिलाचा हा हिशेब आहे: ४८,००० गुणिले १२, भागिले ७२. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं, आभार, "मी काही वक्ता नाही" ही माफी, सगळं गाळा. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक ऐकायचं की शेजाऱ्याशी बोलायचं ते ठरवतात. लगेच मागणी सांगा: ३० किलोवॉट, घरटी २१,०००, वर्षाला घरटी ६,००० ची बचत. भाषणात एवढेच आकडे. बाकीचे कागदावर आहेत, तिथेच राहू द्या. कानाला तीन-चार आकड्यांपलीकडे पेलत नाही.

मग गेल्या वर्षीचा नकार. हे वाक्य विसरू नका: "गेल्या वर्षी आपण नाही म्हणालो ते बरोबरच होतं, कारण गच्चीचं काय करणार हे मी सांगितलंच नव्हतं." ज्यांनी नकार दिला त्यांना मत बदलायला सन्मानाची वाट लागते. "आता तरी समजून घ्या" या सुराने ती वाट बंद होते. नकार देणारे चुकले होते असं सूचित केलंत, तर आपण चुकलो नव्हतो हे दाखवण्यासाठी ते पुन्हा नकार देतील.

यापुढची दोन मिनिटं पूर्वपक्षाची, आणि भाषणाचा गाभा हाच. गळतीचा आक्षेप पहिला घ्या, वहीतल्या शब्दांतच घ्या, बेडरूमसकट. उत्तर: गच्चीला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो. वाऱ्याचा जोर आणि स्लॅबवर येणारं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावं लागतं, म्हणून तो अहवाल आधी, काम नंतर. हे ठरावातच लिहिलं आहे, असं सांगा. दुसरा आक्षेप २१,००० चा. उत्तर: ३,५०० रुपयांचे सहा हप्ते. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या मालकाला सांगा, देखभाल शुल्क कोण भरतं ते बघा; तुम्ही भरत असाल तर बचत तुमची, भाडेकरू भरत असेल तर भाडं ठरवताना तो मुद्दा तुमच्या हातात आहे. एवढ्याने सगळे मालक खूश होणार नाहीत. तसं भासवूही नका.

त्यानंतर एका मिनिटात शेजारच्या सोसायटीचं उदाहरण आणि उपनय. आणि मग आपल्या प्रस्तावाची उणी बाजू स्वतःहून सांगा: पावसाळ्यात वीज कमी तयार होते, पॅनेलवरची धूळ नियमित धुवावी लागते, इन्व्हर्टर पॅनेलच्या आधी थकतो आणि मध्ये एकदा बदलावा लागेल, त्याची तरतूद बचतीतून करायची आहे. पटवण्याच्या साधनांत बोलणाऱ्याचं चारित्र्य जवळजवळ सर्वांत प्रभावी, असं ॲरिस्टॉटलने म्हटलं आहे, आणि ते चारित्र्य भाषणातूनच दिसायला हवं, असंही. उणी बाजू विरोधकाने काढली तर ती लपवलेली ठरते. तुम्ही सांगितली तर बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो. फक्त ती शेवटच्या वाक्यात नको, त्याआधी हवी.

भाषेबद्दल तीन गोष्टी, खास मराठीच्या. आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं. तीस शब्दांचं वाक्य केलंत तर काय होणार हे कळायला श्रोता तीस शब्द ताटकळतो. १२ ते १५ शब्दांवर वाक्य संपवा. दुसरं, 'नाही' सुद्धा टोकालाच येतं. "गच्चीला भोकं पाडणार नाही" यात कानावर आधी भोकं पडतात, नकार मागून येतो. "गच्ची आहे तशीच राहील" असं म्हणा. तिसरं, 'आम्ही' आणि 'आपण'. हा भेद मराठीला मिळालेली देणगी आहे, तो जपून वापरा. "आम्ही ठरवलंय" म्हटलं की समोरचे ७० जण बाहेरचे होतात. "आपण ठरवायचं आहे" म्हटलं की आत येतात. पण जबाबदारी घ्यायच्या जागी 'आपण' चालत नाही. "आपण हिशेब ठेवू" म्हणजे कोणीच ठेवणार नाही. तिथे "दर महिन्याचं बिल आणि बचत मी नोटीसबोर्डावर लावीन" असं 'मी'ने बोला.

उभं राहून बोला, माइक तोंडापासून चार बोटं दूर. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधल्यासाठी हातात एक कार्ड, त्यावर सहा-सात शब्द. संपूर्ण लिहिलेलं वाचलंत तर नजर कागदात जाते आणि आवाज सपाट होतो. आकडा उच्चारला की मनात "एक, दोन" म्हणा आणि मग पुढे जा, नाहीतर आकडा पुढच्या वाक्याखाली दबतो. फोनवर वेळ लावून घरी मोठ्याने तीनदा म्हणा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लहान वाटतं. साडेचार मिनिटांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर आक्षेप कापू नका, विशेषणं आणि उरलेले आकडे कापा.

प्रश्नोत्तरांत प्रश्न आधी पुन्हा उच्चारा, मागच्या रांगेला ऐकू जावा म्हणून, आणि उत्तर अर्ध्या मिनिटात संपवा. माहीत नसेल तर "आठ दिवसांत लेखी देतो." न्यायशास्त्र चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे प्रकार सांगतं. वाद खरं शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची पाडत राहणं. सभेत वितंडा ओळखायची खूण सोपी: एका उत्तरानंतर लगेच दुसरा, त्याचा पहिल्याशी संबंध नसलेला आक्षेप. तिसऱ्या फेरीला शांतपणे विचारा, "दर महिन्याच्या ४८,००० साठी तुम्ही काय सुचवता?" प्रामाणिक माणूस काहीतरी सुचवतो, ते लिहून घ्या. नुसतं पाडायला उठलेला माणूस तिथे थांबतो. आवाज मात्र चढवायचा नाही, कारण कुंपणावरचे सगळे त्या क्षणी तुमच्याकडे बघत असतात.

सूचक तुम्ही आहातच. अनुमोदक म्हणून गेल्या वर्षी विरोध केलेल्यांपैकी, आता पटलेल्या कोणाला तरी विनंती करा, वरच्या मजल्यावरचं कोणी मिळालं तर उत्तमच. त्यांनी "गळतीची माझी शंका होती, ती मिटली" एवढं म्हणणं पुरे.

आणि ठरावाची भाषा स्वतः लिहून न्या. सभेच्या गडबडीत सुचलेलं वाक्य ढिलं असतं आणि नंतर त्यातूनच भांडणं निघतात. साधारण असं:

"संस्थेच्या गच्चीवर ३० किलोवॉट क्षमतेचा सौर प्रकल्प, गच्चीला भोक न पाडता, जास्तीत जास्त १५,१२,००० रुपये खर्चात बसवण्यास ही सभा मंजुरी देत आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अनुकूल लेखी अहवाल मिळाल्यावरच कामाचा आदेश द्यावा. किमान तीन दरपत्रके मागवून ती नोटीसबोर्डावर लावावीत. प्रत्येक सदनिकेने २१,००० रुपये एकरकमी किंवा ३,५०० रुपयांच्या सहा मासिक हप्त्यांत भरावेत."

हे वाचूनच भाषण संपवा आणि खाली बसा. "धन्यवाद, जय हिंद, तरी सर्वांनी विचार करावा" असं काही जोडू नका. ठरावाचं शेवटचं वाक्य कानात असतानाच हात वर व्हायला हवेत. ठराव मंजूर झाला तर त्याच आठवड्यात सेक्रेटरींकडे जाऊन इतिवृत्ताचा मसुदा बघून घ्या. 'भोक न पाडता', 'जास्तीत जास्त' आणि 'अहवाल मिळाल्यावरच' हे तिन्ही शब्द त्यात उतरलेले असले पाहिजेत.